परदेशातून आलेलं नको असलेलं पार्सल, वरून कस्टम ड्युटी मागून राहिले. घेतलं नाही तर चालतं का?

केळीवेफर्स_फैजपूर:
नमस्कार मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे, कोणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.

आमचा फैजपूरला घरगुती केळी वेफर्सचा धंदा आहे, मी आणि माझी जाऊ मिळून करतो. किसणीवर हाताने कापून कापून बोटं सोलून निघतात, कच्च्या केळीचा चीक लागून हात काळे पडतात ते वेगळंच, म्हणून छोटं मशीन बघत होते. मोबाईलवर एका वेबसाइटची जाहिरात आली, भाव रुपयात, पूर्ण भारतात डिलिव्हरी असं मोठ्या अक्षरात, माल परदेशातून येणार हे कुठेच लिहिलेलं नाही. आठ हजार चारशेचं मशीन, क्रेडिट कार्डाने पैसे भरले. मग मिस्टर जळगावला एमआयडीसीत गेले होते तिथे एका वर्कशॉपमध्ये तसंच मशीन दिसलं, त्या माणसाने समोर केळी कापून दाखवली, पात्याला धार कशी लावायची ते पण शिकवलं, मग तेच घेतलं आणि मी वेबसाइटवरची ऑर्डर लगेच कॅन्सल केली. ऑर्डर कॅन्सल झाली, रिफंड मिळेल असा त्यांचा मेल पण आला, तो मी जपून ठेवलाय.

रिफंड काही आला नाही आणि आता कुरिअरचा मेसेज आला की तुमचं शिपमेंट मुंबईत पोचलंय, केवायसी अपलोड करा, आणि ड्युटी, टॅक्स, त्यांचे चार्जेस धरून तीन हजाराच्या वर अंदाजे रक्कम दिलीये. म्हणजे जे मशीन मला नकोच आहे त्याचे अजून तीन हजार भरायचे. सासरे म्हणताहेत सरकारी भानगड आहे, नंतर नोटीस येईल, भरून मोकळी हो. मला ते पटत नाही. पार्सल घेतलंच नाही तर कस्टमवाले माझ्यावर केस करू शकतात का? ड्युटी माझ्या नावावर थकबाकी म्हणून राहते का? आणि कार्डाचे आठ हजार बुडाले समजायचे का?

गिरणाकाठ:
ताई बाकी सगळं नंतर, पहिले हे बघा की पार्सल खरोखर आहे का. तुम्ही ऑर्डर केली होती म्हणजे असेलही, पण मेसेजमधल्या लिंकवर क्लिक करून केवायसी अजिबात अपलोड करू नका. कुरिअर कंपनीची वेबसाइट स्वतः टाईप करून उघडा, त्यात तो ट्रॅकिंग नंबर टाका आणि बघा पाठवणाऱ्याचं गाव, वजन, तारीख जुळतं का.

हे मी एवढं कळकळीने सांगतोय कारण आमच्या अमळनेरला गल्लीतल्या एका रिटायर गुरुजींना असाच फोन आला होता, तुमच्या नावाचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, आधी थोडी ड्युटी भरा, भरली की मग दंड भरा, मग म्हणे त्यात काहीतरी बेकायदेशीर सापडलंय, व्हिडिओ कॉलवर या, कोणाला सांगू नका, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. गुरुजींची सून बँकेत असते, ती योगायोगाने घरी आली म्हणून एफडी मोडायची राहिली. गुरुजी त्यानंतर कितीतरी दिवस कोणाचा फोन उचलत नव्हते, इतका माणूस हादरतो. डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यात नाहीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मन की बात मध्ये पण हेच सांगितलं होतं.

कस्टम खातं कोणाला फोन करून, किंवा कोणाच्या पर्सनल खात्यावर, यूपीआयवर पैसे मागत नाही. त्यांच्याकडून येणाऱ्या पत्रावर ८ नोव्हेंबर २०१९ पासून एक डिन नंबर, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक असतो, तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टमच्या केंद्रीय बोर्डाच्या साइटवर टाकला की पत्र खरं का खोटं ते कळतं. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला १९३० वर लगेच फोन, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम थांबवता यायची शक्यता जास्त.

केळीवेफर्स_फैजपूर:
धन्यवाद दादा. कुरिअरच्या साइटवर स्वतः जाऊन बघितलं, नंबर खरा आहे, वजन पण मशीनएवढंच दाखवतंय. स्टेटस आहे 'क्लिअरन्स प्रलंबित, केवायसी आवश्यक'. म्हणजे पार्सल खरंच आहे.

पोस्टातले_नाना_धुळे:
मी पोस्टातून रिटायर झालो, उभी नोकरी धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यात झाली. ताईंचं कुरिअरचं आहे त्यामुळे त्याचं जाणकार सांगतील, पण हा प्रश्न पोस्टाने येणाऱ्या पार्सलबाबत सुद्धा लोक कायम विचारतात म्हणून लिहून ठेवतो, कोणाला तरी कामास येईल.

आधी ओळखायचं कसं, तर पोस्टाचा आंतरराष्ट्रीय नंबर १३ अक्षरी असतो, पुढे दोन इंग्रजी अक्षरं, मध्ये नऊ आकडे आणि शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. असा नंबर असला तर ते पोस्टातून येणार. नुसते आकडे असले तर बहुतेक कुरिअर. आपल्या खान्देशातलं पोस्टाचं परदेशी पार्सल मुंबईला बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्ट ऑफिसमधून येतं, तिथे कस्टमचे अधिकारी ते तपासतात, ड्युटी लावायची असेल तर तिथेच लावतात, आणि काही कागद हवे असले तर तुमच्या पत्त्यावर पत्र पाठवतात की बिल आणा, ओळखपत्र द्या. मग ते इकडे येतं आणि पोस्टमन दारात ड्युटीचे पैसे घेऊन पार्सल देतो.

पैसे द्यायच्या आधी पार्सल फोडून बघता येत नाही. लोक हट्ट करतात की बघू द्या मग ठरवतो, पोस्टमनला तसं करता येत नाही, त्याच्याशी वाद घालू नका, तो बिचारा उन्हातान्हात आलेला असतो. पण घ्यायचं नसेल तर सरळ सांगायचं, नको. तो त्यावर 'रिफ्यूज्ड' शेरा मारतो, तारीख टाकतो आणि ते परत जातं. परत जाणाऱ्या टपालावरची ड्युटी तुमच्याकडून वसूल होत नाही. माझ्या उभ्या नोकरीत नाकारलेल्या पार्सलची ड्युटी मागायला कोणाच्या घरी कोणी गेल्याचं मी पाहिलं नाही.

एकच बघायचं, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवायचं. नवरा नको म्हणतो आणि दुपारी आई पैसे देऊन घेऊन ठेवते, मग संध्याकाळी पोस्टात येऊन भांडतात. एकदा पैसे देऊन सही केली की पार्सल तुमचं झालं, मग नाकारणं नाही, मग स्वतःच्या खर्चाने परत पाठवायचं.

चोपडेकर_न्हावाशेवा:
ताई, मी मूळचा चोपड्याचा, गेली बरीच वर्षं नवी मुंबईत कस्टम क्लिअरिंगच्या लाईनमध्ये आहे. तुमच्या सासऱ्यांची काळजी मी समजू शकतो, आपल्याकडे सरकारी कागद म्हटला की घरातली मोठी माणसं आधी घाबरतात, पण इथे घाबरायचं कारण नाही हे त्यांना नक्की सांगा.

कस्टम्स कायदा १९६२, कलम २३ पोटकलम २. त्यात सरळ लिहिलंय की आयात मालाचा मालक, माल क्लिअर करायचा हुकूम व्हायच्या आधी कधीही त्या मालावरचा हक्क सोडू शकतो, आणि सोडला की ड्युटी भरायची जबाबदारी त्याच्यावर राहत नाही. अपवाद एकच, त्या मालाबाबत काही गुन्हा झालेला दिसत असेल तर हक्क सोडतो म्हणून सुटका नाही. म्हणजे कोणी ई-सिगारेट मागवली किंवा ड्रोन मागवलं आणि पकडलं गेल्यावर म्हणाला मला नको, तर तसं चालत नाही. तुमचं केळी कापायचं मशीन आहे, त्यात असलं काही नाही.

आता खरी गोम 'क्लिअर व्हायच्या आधी' या शब्दांत आहे. कुरिअरमध्ये काय होतं की कंपनी तुमच्या वतीने बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद टाकते, ड्युटी स्वतःच्या खिशातून भरून माल सोडवते आणि मग दारात तुमच्याकडून ती रक्कम अधिक स्वतःचे चार्जेस घेते. हे करायला तिला तुमची केवायसी आणि संमती लागते. तुमचं स्टेटस अजून केवायसीवर अडकलंय म्हणजे माल क्लिअर झालेला नाही, म्हणजे तुम्ही एकदम योग्य वेळी विचारलंय. केवायसी देऊ नका. ज्याला माल नकोय त्याने आधार-पॅन अपलोड करायचं कारणच नाही. पण नुसतं गप्प पण बसू नका, बरेच लोक मेसेज बघून सोडून देतात आणि मग माल गोदामात पडून राहतो, भाडं चढतं. ३० दिवसांत न सोडवलेला माल नोटीस देऊन विकायची तरतूद कायद्यात आहे, आणि तुम्हाला मेलवर मेल, फोनवर फोन येत राहतात. लेखी नकार द्या, आजच द्या.

मेल कसा लिहायचा ते सांगतो, यात आपापल्या परीने बदल करा:

"एअरवेबिल (ट्रॅकिंग) नंबर अमुक. या शिपमेंटवर घेणारी म्हणून माझं नाव आहे. ही ऑर्डर मी अमुक तारखेला विक्रेत्याकडे रद्द केली असून त्याचा मेल सोबत जोडला आहे. मला हा माल नको आहे. माझ्या नावाने क्लिअरन्स करू नये आणि ड्युटी भरू नये. यासाठी मी केवायसी किंवा संमती दिलेली नाही. माल पाठवणाऱ्याकडे परत पाठवावा. परत पाठवण्याचा, साठवणुकीचा किंवा इतर कोणताही खर्च मी मान्य करत नाही. या मेलची पोच आणि तक्रार क्रमांक द्यावा."

एवढंच. लांबलचक कहाणी नको, शिव्याशाप नको.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. ते तुम्हाला एक फॉर्म पाठवतील ज्यात लिहिलेलं असेल की मी माल सोडून देत आहे, नष्ट करा. तुमच्या केसमध्ये तो पहिल्या झटक्यात भरू नका. तुम्हाला विक्रेत्याकडून पैसे परत घ्यायचेत, तेव्हा आधी 'परत पाठवा' हेच धरून ठेवा. माल परत गेला तर विक्रेत्याला बोलायला जागा राहत नाही. नष्ट करायला तुम्हीच सही दिली तर तो उद्या म्हणेल माझा माल यांनी घालवला. परत न्यायला विक्रेताच तयार नाही असं कुरिअरने लेखी कळवलं तर मग द्या सोडून, पण सही करायच्या आधी त्या फॉर्ममध्ये 'होणारा खर्च मी देईन' असं एखादं वाक्य खाली बारीक अक्षरात आहे का ते वाचा, असेल तर खोडायला लावा.

शिरपूरचा_पाटील:
मला वाटतं एवढी डोकेफोड करण्यापेक्षा तीन हजार भरून घेऊन टाका आणि मशीन विकून टाका. रावेर सावदा साइडला केळी वेफर्स करणारे गल्लोगल्ली आहेत, कोणीतरी सात-आठ हजाराला आरामात घेईल. लिखापढी करत बसलं की माणसाचा वेळ जातो.

चोपडेकर_न्हावाशेवा:
पाटील भाऊ, हिशोब मांडून बघा. आठ हजार चारशे गेलेत, वर तीन हजार, झाले साडेअकरा. नवीन असं मशीन ज्याचे पार्ट इकडे मिळणार नाहीत, पातं बोथट झालं तर दुसरं कुठून आणणार हे कोणी सांगू शकत नाही, ते कोण किती देऊन घेईल? आणि मोठं नुकसान वेगळंच आहे. ताईंनी माल ताब्यात घेतला की ऑर्डर रद्द केल्याचा त्यांचा दावा कमजोर होतो. विक्रेता बँकेला डिलिव्हरीची सही दाखवून मोकळा होईल. नाकारलं तर कार्डाचे पैसे परत यायची आशा आहे, घेतलं तर ती पण गेली.

शिरपूरचा_पाटील:
हा मुद्दा बरोबर आहे भाऊ, कार्डाच्या बाजूने मी विचार केला नव्हता.

केळीवेफर्स_फैजपूर:
चोपडेकर दादा खूप खूप आभार, मेल पाठवला, जसाच्या तसा. पण त्यांच्या कस्टमर केअरमधून फोन आला, ती मुलगी म्हणते मॅडम तुम्ही आधी केवायसी द्या, क्लिअर होऊ द्या, मग डिलिव्हरी बॉय आला की त्याला नाही म्हणा. आणि हे पण म्हणाली की आत्ता नाकारलं तर कस्टम पेनल्टी लावू शकतं. सासरे स्पीकरवर ऐकत होते, ते परत टेन्शनमध्ये.

चोपडेकर_न्हावाशेवा:
अजिबात नाही. क्लिअर झाल्यावर नाकारणं म्हणजे कंपनीने ड्युटी भरून झाल्यावर नाकारणं. त्यानंतर ती भरलेली रक्कम वसूल करायला कंपनी कोणाच्या तरी मागे लागणार. बहुतेक मोठ्या कुरिअर कंपन्यांच्या अटींत असं असतं की घेणाऱ्याने दिली नाही तर पाठवणाऱ्याकडून घेणार, पण तुमची केवायसी आणि संमती त्यांच्या हातात असली की पहिला फोन तुम्हालाच येतो, आणि वसुलीवाल्यांचे फोन कसे असतात तुम्हाला माहितीये. फोनवर बसलेल्या मुलीचा दोष नाही, तिच्यासमोर जे लिहिलेलं असतं ते ती वाचते. तिला एवढंच म्हणा, पेनल्टी लागते हे मला मेलवर लेखी द्या, कुठल्या कलमाखाली ते पण लिहा. असं लेखी कोणी देणार नाही कारण रीतसर मागवलेल्या साध्या मालावरचा हक्क सोडण्याला पेनल्टी नाही, उलट कायद्यानेच ती मुभा दिलीये.

बाबांना सांगा की ड्युटी ही घरपट्टीसारखी तुमच्या नावावर चढत नाही. माल देशात वापरायला सोडला तरच ती द्यायची असते. आणि आता फोनवर बोलणं बंद करा, जे काय ते मेलवर.

भुसावळ_जंक्शन:
कार्डाचं मी सांगते, मी बँकेत याच टेबलावर काम केलंय. ताई, बँकेच्या अॅपमध्ये किंवा शाखेत त्या व्यवहाराबद्दल 'डिस्प्यूट', म्हणजे पैसे परत मिळवायची तक्रार टाका. कारण निवडताना 'व्यवहार मी केला नाही' हे चुकून सुद्धा निवडू नका, कारण व्यवहार तुम्हीच केलाय, ओटीपी तुम्हीच दिलाय, ते निवडलं की केस तिथेच बंद होते. 'ऑर्डर रद्द केली, रिफंड मिळाला नाही' हे कारण निवडायचं. सोबत कॅन्सलचा मेल, त्यात रिफंड मिळेल असं लिहिलंय ना तो भाग, आणि कुरिअरला लिहिलेला नकाराचा मेल जोडायचा. विक्रेत्याला पण एकदा शेवटचं लिहा की माल स्वीकारलेला नाही, परत येतोय, पैसे द्या, आणि तो मेल पण जोडा. डिस्प्यूटला मुदत असते, त्यामुळे पार्सल परत जायची वाट बघत बसू नका, आजच टाका, परत गेल्याचा पुरावा नंतर जोडता येतो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, फी काही नाही. आणि ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर पण नोंदवा. वेबसाइट परदेशातली असली तरी भारतातल्या ग्राहकांना नियमित माल विकत असेल तर २०२० चे ई-कॉमर्सचे नियम तिला लागू होतात, आणि माल कुठल्या देशातला हे दाखवणं त्यात सांगितलंय. तुम्ही म्हणताय की साइटवर ते कुठेच नव्हतं, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, अशा साइट्स पानं बदलतात.

नंदुरबारची_लेक:
याच विषयाला धरून माझं एक विचारू का? माझी नणंद न्यू जर्सीला असते, खूप मायाळू आहे, दर वर्षी राखीसोबत मोठा बॉक्स पाठवते, चॉकलेट, व्हिटॅमिनच्या गोळ्या, मुलांना कपडे, सासूबाईंना स्वेटर. इथे येईपर्यंत चॉकलेटं तर वितळून कपड्यांना लागलेली असतात. आणि दर वेळी ड्युटी इतकी येते की तेवढ्यात इथे सगळं नवीन आलं असतं. यावेळी मिस्टर म्हणताहेत बॉक्स नाकारू. पण नणंदेला वाईट वाटेल, आणि तिला काही भुर्दंड बसेल का? गिफ्टवर ड्युटी नसते ना पण?

चोपडेकर_न्हावाशेवा:
गिफ्टला ड्युटी नाही हे जुनं झालं. १२ डिसेंबर २०१९ ला डीजीएफटीने, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार खात्याने नियम बदलला, तेव्हापासून पोस्टाने किंवा कुरिअरने गिफ्ट म्हणून ड्युटी न भरता माल सोडवता येत नाही, फक्त जीव वाचवणारी औषधं आणि राखी याला सूट. आणि राखी म्हणजे राखीच, राखीसोबतच्या वस्तूंना नाही, तसं नियमात स्पष्ट लिहिलंय. पूर्ण ड्युटी भरून गिफ्ट घेता येतं. त्यामुळे तुमच्या नणंदेने बॉक्सवर कितीही मोठ्या अक्षरात गिफ्ट लिहिलं तरी ड्युटी येणारच. ड्युटी १०० रुपयांपर्यंतच होत असेल तर मात्र घेत नाहीत, म्हणून नुसत्या राखीचं पाकीट आरामात येतं.

भुर्दंडाचं म्हणाल तर कुरिअरने पाठवलं असेल आणि तुम्ही नाकारलं तर परतीचा खर्च पाठवणाऱ्याच्या माथी पडतो, आणि तो जाण्याच्या खर्चाइतका किंवा जास्त पण असू शकतो. तिला न सांगता नाकारू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

पोस्टातले_नाना_धुळे:
पोस्टाने पाठवत असतील तर त्यावर एक उपाय आहे बेटा. परदेशी पार्सलच्या फॉर्मवर पाठवणाऱ्याने आधीच खूण करायची असते की पोचलं नाही किंवा घेतलं नाही तर काय करायचं, परत पाठवा की सोडून द्या. परत पाठवा वर खूण केली की परतीचे पैसे त्यांना तिकडे भरावे लागू शकतात. सोडून द्या वर केली तर ते परत जात नाही, त्यांना परतीचा खर्च पडत नाही, पण वस्तू पण गेल्या. बॉक्स निघून गेला असेल तर नणंदबाईंना विचारा त्यांनी कशावर खूण केली होती.

आणि खरं सांगू का, नाकारण्याची वेळच येऊ देऊ नका. आत्ताच फोन करून सांगा की ताई, फक्त राखी पाठवा पाकिटात, बाकी काही नको, तुमच्या राखीची आम्ही वाट बघतो. माया कमी होत नाही त्याने. ड्युटी किती बसते ते त्यांना माहीतच नसेल, बहुतेकांना नसतं, कारण इकडचे लोक संकोचाने सांगत नाहीत आणि तिकडचे लोक दर वर्षी पाठवत राहतात.

नंदुरबारची_लेक:
नाना तुम्ही अगदी मनातलं बोललात. आम्ही खरंच कधी सांगितलंच नाही तिला. आज रात्री तिची सकाळ होईल तेव्हा सासूबाईंनाच बोलायला सांगते, त्यांनी सांगितलं तर तिला वाईट नाही वाटणार.

रावेरचा_शेतकरी:
राम राम. थोडं वेगळं आहे पण शेतकरी वाचत असतील म्हणून लिहितो. न मागवलेलं पार्सल परदेशातून आलं आणि आत बियाणं निघालं तर पेरू नका रे भो. २०२० मध्ये अमेरिका, इंग्लंड, कॅनडा अशा बऱ्याच देशांत लोकांच्या घरी न मागवलेली बियाण्याची पाकिटं पोस्टाने येत होती, तेव्हा आपल्या कृषी मंत्रालयाने पण ऑगस्टमध्ये सगळ्या राज्यांना सावध केलं होतं. बियाणं परदेशातून आणायला परवाना आणि रोगमुक्त असल्याचं तिकडचं सर्टिफिकेट लागतं, २००३ च्या प्लांट क्वारंटाईनच्या आदेशात आहे ते. आपल्याकडे केळीवर सीएमव्ही या विषाणूरोगाने काय हाल केले ते रावेर-यावलच्या माणसाला सांगायची गरज नाही, बागाच्या बागा उपटून बांधावर टाकाव्या लागल्या. बाहेरून अजून एखादा रोग यायला एक पाकीट पुरे. दारात कळलं तर घेऊच नका, आणि घरात आलंच असेल तर न फोडता तालुका कृषी अधिकाऱ्याकडे नेऊन द्या, उकिरड्यावर पण टाकू नका, तिथे उगवतं.

केळीवेफर्स_फैजपूर:
भाऊ बरोबर बोलले, सीएमव्हीच्या साली आम्हाला वेफर्सला कच्ची केळी मिळायची पंचाईत झाली होती.

माझं पुढचं सांगते. चोपडेकर दादांनी सांगितलं तसं पेनल्टीचं लेखी मागितलं, त्यावर त्यांचा मेल आला, त्यात पेनल्टीचा शब्द पण नाही. लिहिलंय की 'घेणाऱ्याने नाकारल्याची नोंद केली आहे, पाठवणाऱ्याकडून सूचना मागवत आहोत', आणि तक्रार क्रमांक दिलाय. साइटवर स्टेटस पण बदललं, 'घेणाऱ्याने नाकारले, परतीच्या प्रतीक्षेत'. मेलची प्रिंट काढून सासऱ्यांना वाचून दाखवली, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि कपाटात फाईलला लावली. भुसावळच्या ताईंनी सांगितलं तसं डिस्प्यूट पण टाकलंय, बँकेने नोंद घेतल्याचा मेसेज आला.

एक विचारायचं राहिलं, समजा एवढं करून पण कुरिअरवाला दारात पार्सल घेऊन आला तर?

चोपडेकर_न्हावाशेवा:
येऊ शकतो, मुंबईच्या ऑफिसचा निरोप खाली हबपर्यंत पोचतोच असं नाही. आला तर शांतपणे नको म्हणा, ओटीपी देऊ नका, कशावर सही करू नका, पैसे तर नाहीच नाही. त्याच्या मशीनवर 'नाकारले' असा पर्याय असतो तो टाकायला सांगा आणि लेबल वर येईल असा पार्सलचा फोटो काढून घ्या. शेजारच्या दुकानात ठेवून जातो म्हणाला तर त्याला पण नाही म्हणा. मग तो फोटो त्याच तक्रार क्रमांकावर मेल करा आणि डिस्प्यूटला पण जोडा. आणि जाऊबाईंना, मुलांना, शेजारच्या काकूंना आजच सांगून ठेवा, नाना म्हणाले ना, दुपारच्या वेळी नेमकं कोणीतरी घेऊन ठेवतं.

केळीवेफर्स_फैजपूर:
सगळ्यांना सांगितलंय दादा, काकूंना पण. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रिफंडचं काय होतं ते इथेच कळवते.